वीज मुंबईची, पाणी खोपोलीचं

खोपोलीकराच्या घरी विजेचं बिल येतं ते महावितरणचं. गावात १९१५ सालापासून टाटांचं जलविद्युत केंद्र चालू आहे, घाटावरून त्याचे नळ थेट गावाच्या डोक्यावर उतरलेले आहेत, आणि तरीही टाटांचं बिल जातं मुंबईकराकडे. नोकरीनिमित्त नव्याने आलेल्या माणसाला याचं नवल वाटतं. जुन्या खोपोलीकराला त्यात विचारण्यासारखं काही आहे असंच वाटत नाही. पॉवर हाऊस गावात आहे, पण त्याचं गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून मुंबई आहे, हे त्याला सांगावं लागत नाही.

मग या वीजघरापासून गावाला मिळालं काय? काही घरांना नोकऱ्या मिळाल्या, हे उत्तर झटकन येतं आणि ते खरंच आहे. पण नोकऱ्या मूठभरांना. सगळ्या गावाला, आणि गावाच्या खालच्या अंगाला थेट खाडीपर्यंत, जे मिळालं ते म्हणजे वीज तयार करून झाल्यावर सोडून दिलेलं पाणी. डोंगरावर पावसाळ्यात साठवायचं, नळातून खाली आणायचं, चक्रावर मारायचं आणि मग पाताळगंगा नदीत सोडायचं, असा हा क्रम. कंपनीच्या हिशेबी शेवटची पायरी म्हणजे काम संपल्याची खूण. खोपोलीचा अलीकडचा इतिहास मात्र त्या पायरीपासून सुरू होतो. पुढच्या प्रकरणांत यंत्रांची, माणसांची आणि करारमदारांची बरीच माहिती वाचकाला भेटेल. ती वाचताना पाणी कुठून निघालं आणि कुठे गेलं, इकडे लक्ष ठेवावं, एवढंच सुरुवातीला सांगतो.

खोपोली हे बोरघाटाच्या पायथ्याचं गाव. अशा गावाचं नशीब वाटेवर अवलंबून. देशावरून कोकणात उतरणारा आणि कोकणातून देशावर चढणारा प्रत्येक तांडा इथे थांबायचा. नाना फडणवीसांनी इथे तळं आणि विरेश्वराचं देऊळ बांधलं ते याच वाटसरूंमुळे. १८३० साली मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत घाटातून चाकांची गाडी जाईल असा रस्ता झाला, आणि १८५६ साली पळसदरीहून आगगाडी खोपोलीपर्यंत आली. पुढची सात वर्षं खोपोलीचा थाट काही और होता. मुंबईहून येणारा उतारू इथे गाडीतून उतरायचा, पालखीने, घोड्याने नाहीतर पायी घाट चढायचा आणि वर खंडाळ्याला पुन्हा गाडी धरायचा. हमाल, भोई, घोडेवाले, खानावळवाले सगळ्यांची चलती होती. १८६३ साली घाटातला लोहमार्ग खुला झाला. पण तो गेला कर्जतवरून. खोपोली मुख्य मार्गावरून बाजूला पडली आणि तिचं स्टेशन एका फाट्याचं शेवटचं टोक होऊन बसलं. अजूनही कर्जतहून खोपोलीला जाणारी लोकल तिथेच संपते. घाटाच्या गावाला घाटानेच टाकून दिलं, असा तो प्रकार.

त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं गावात सांगण्यासारखं फारसं घडलं नाही. घडत होतं ते मुंबईत. परळ, लालबाग, भायखळ्यात कापडगिरण्यांची धुराडी वाढत होती आणि प्रत्येक गिरणीचं स्वतःचं बॉयलर, स्वतःचं वाफेचं इंजिन होतं. कोळसा यायचा लांबून. बंगाल-बिहारच्या खाणी मुंबईपासून हजार मैलांच्या घरात. काही कोळसा तर बोटीने परदेशातून यायचा. गिरणीमालकाच्या खर्चात कापसाच्या पाठोपाठ कोळसा डाचायचा. जमशेटजी टाटा स्वतः गिरणीमालक. नागपूरची एम्प्रेस मिल त्यांनी १८७७ साली चालू केली होती, पुढे कुर्ल्याची स्वदेशी मिलही घेतली. कोळशाचं दुखणं त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

सह्याद्रीच्या पाण्यावर वीज करता येईल ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या मुंबईतल्या अभियंत्याने मांडली. लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधून पाणी खोपोलीला उतरवायचं, ही जुळणी जॉयनर या अभियंत्याची. जमशेटजींनी ती उचलून धरली, पण १९०४ साली ते वारले आणि पुढचं सगळं त्यांचे चिरंजीव दोराबजी यांच्या अंगावर आलं. लंडनच्या सावकारीत या योजनेला भांडवल मिळेना. तेव्हाचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क याने पैसा हिंदुस्थानातच उभा करा असा आग्रह धरला, आणि तो इथल्या संस्थानिकांकडून व व्यापाऱ्यांकडून उभाही राहिला. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. फेब्रुवारी १९११मध्ये क्लार्कच्याच हस्ते लोणावळ्याला पायाचा दगड बसला. स्वदेशीची चळवळ ओसरून फार दिवस झालेले नव्हते, तेव्हा इथल्या पैशावर एवढं काम उभं राहतंय याचं लोकांना अप्रूप होतं. ते अप्रूप मी नाकारत नाही. फक्त त्या भाग-भांडवलाच्या यादीत, ज्यांच्या जमिनीवर तलाव झाले त्या वळवण किंवा शिरोत्याच्या शेतकऱ्याचं नाव शोधायला जाऊ नये.

लोणावळाच का, याचं उत्तर नकाशात आहे. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला एकदम तुटतो. पूर्वेला मात्र जमीन हळूहळू उतरत मावळात जाते. पाऊस सगळ्यात जास्त कोसळतो तो कड्याच्या माथ्याशी. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तळेगावपर्यंत पोचता पोचता कितीतरी उणा होतो. म्हणजे माथ्यावर, कड्यापासून हाकेच्या अंतरावर, पाणी पुष्कळ. पण त्या पाण्याचा कल पूर्वेला. आपल्या ओढीने ते इंद्रायणीत जाणार, देहू-आळंदीवरून भीमेत उतरणार, पंढरपूरला चंद्रभागा म्हणवून घेणार, पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाणार. इतक्या लांबच्या प्रवासात उतार सगळा वाटून गेलेला असतो. तेच पाणी जर उलट वळवलं आणि पश्चिमेच्या कड्यावरून सोडलं, तर दोन-तीन मैलांच्या आत सतराशे फुटांच्या आसपास उतार मिळतो. अभियंत्याच्या डोळ्यांना हे दिसलं नसतं तरच नवल. धरणं पुष्कळ ठिकाणी बांधतात, पण ती नदीचं पाणी नदीच्याच वाटेने खाली नेतात. इथे नदीला पाठ फिरवायला लावली.

अडचण दुसरीच होती. हा सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. गिरण्या तर बाराही महिने चालायच्या. म्हणून पाऊस संपल्यावरचे आठ महिने पुरेल एवढा साठा हवा. त्यासाठी लोणावळा, वळवण आणि शिरोता असे तलाव बांधायचे ठरले. शिरोत्याचं पाणी डोंगर पोखरून बोगद्याने वळवणला आणायचं, तिथून बांधीव कालव्याने खंडाळ्याच्या बाजूला एका हौदात घ्यायचं. या हौदाला तिथली माणसं ‘फोरबे’ म्हणतात. वीजघराला लागेल तसं पाणी क्षणात मिळावं म्हणून कड्याच्या काठाशी ठेवलेला तो हाताशी असलेला साठा. फोरबेपासून पुढे लोखंडी नळ, आणि नळाच्या पायथ्याशी खोपोली.

एक गंमत सांगून ठेवतो. त्याच लोणावळ्यात भुशीचं धरण आहे, जिथे पावसाळ्यात पायऱ्यांवर बसायला मुंबई-पुण्याची झुंबड उडते. तेही कामासाठीच बांधलेलं. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं होतं. पुढे विजेने घाटातली वाफेची इंजिनं घालवली.

बांधकाम चार वर्षं चाललं. प्रचंड दगडी बांध, तेही बहुतेक हाताने. मजुरांची संख्या हजारांत होती, आणि पावसाळ्यात त्या माथ्यावर काम म्हणजे काय ते ज्याने लोणावळ्याचा आषाढ काढलाय त्यालाच कळेल. कामाची सूत्रं हॅरी गिब्ज या अभियंत्याकडे होती. हा गृहस्थ म्हैसूर संस्थानातून आलेला. तिथे कावेरीवर शिवनसमुद्रला १९०२ साली वीजघर सुरू झालं होतं आणि त्याची वीज लांब कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. यावरून एक खुलासा ओघाने करतो. खोपोलीचं वीजघर देशातलं पहिलं, असं आपल्याकडे पुष्कळदा ठोकून दिलं जातं. ते खरं नाही. दार्जिलिंगजवळ १८९७ साली छोटं जलविद्युत केंद्र झालं होतं, शिवनसमुद्र तर वर आलंच. खोपोलीचं वेगळेपण पहिलेपणात नाही. एका मोठ्या शहराचा सगळा उद्योग पाण्यावर चालवायचा, आणि तोही खासगी भांडवलाने, हा विचार इथे झाला. पुढच्या प्रकरणांत ‘पहिलं’ हा शब्द मी होता होईल तो टाळलाय.

फेब्रुवारी १९१५मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन याच्या हस्ते वीज सुरू झाली. युरोपात महायुद्ध पेटलेलं होतं. खोपोलीहून निघालेल्या तारा सुमारे सत्तर किलोमीटर धावून परळला पोचल्या, एक लाख व्होल्टच्या दाबाने. एवढा दाब कशाला, हा प्रश्न आजही विचारला जातो. कारण साधं आहे. तारेतून जेवढा जास्त प्रवाह तेवढी ती तापते आणि तेवढी वीज वाटेत वाया जाते. दाब वाढवला की तीच शक्ती कमी प्रवाहात नेता येते. पण त्या दाबाची तार वाटेतल्या गावाला उपयोगाची नसते. तिच्यातून वीज काढायची तर ट्रान्सफॉर्मरचं उपकेंद्र हवं, आणि ते बांधण्याएवढी गरज, ऐपत आणि करार खालापूर-पनवेलकडच्या गावांकडे कुठून असणार? त्यामुळे तारा शेतांवरून गेल्या आणि शेतकऱ्याच्या घरात कंदीलच राहिला. कोकणातल्या गावोगावी वीज पोचली ती पुढे, १९६०नंतर राज्य वीज मंडळाच्या काळात.

आता वीजघराच्या आत जाऊ. इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण पॉवर हाऊस म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बाहेरचा पाटी लावलेला दरवाजा आणि आतली घरघर एवढंच येतं.

वरून आलेलं पाणी खाली पोचतं तेव्हा नळाच्या दर चौरस सेंटिमीटरवर पन्नास किलोंहून जास्त दाब असतो. मोटारीच्या चाकातल्या हवेचा दाब दोन-अडीच किलोंचा, त्यावरून अंदाज यावा. म्हणूनच हे नळ वरच्या टोकाला पातळ पत्र्याचे आणि खाली उतरतील तसे जाड होत जातात. खाली नळ निमुळता होऊन तोटी होते, आणि तोटीतून पाण्याची धार सुटते ती सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने. ही धार बोटाने अडवायची गोष्ट नव्हे. तिच्यासमोर पोलादी चक्र असतं. त्याच्या कडेला ओळीने वाट्या बसवलेल्या असतात, प्रत्येक वाटी मधोमध धारदार कण्याने दुभागलेली. धार कण्यावर आदळते, दोन्हीकडे फाटते, वाटीच्या पोटातून वळून जवळजवळ उलट दिशेला बाहेर पडते. जाताना आपला सगळा जोर वाटीला देऊन जाते. चक्राच्या कडेचा वेग धारेच्या वेगाच्या साधारण निम्मा ठेवला की पाण्यातला जवळपास सगळा जोर काढून घेता येतो, आणि पाणी थकल्यासारखं खाली पडतं. लेस्टर पेल्टन या अमेरिकन माणसाने १८८०च्या सुमाराला हे चक्र बनवलं, म्हणून त्याला पेल्टन चक्र म्हणतात. उंची जास्त आणि पाणी बेताचं, अशा जागी याच्या तोडीचं यंत्र अजूनही नाही.

तोटीच्या आत भाल्याच्या टोकासारखी एक सुई असते. ती पुढे सरकवली की धार बारीक, मागे घेतली की जाड. मुंबईत मागणी वाढली की सुई मागे, उतरली की पुढे. हे काम गव्हर्नर नावाचं यंत्र आपोआप करतं. पण समजा तार तुटली, एका क्षणात सगळा लोड गेला. चक्रावरचा भार नाहीसा झाला की ते भलत्या वेगाने धावू लागणार. लगेच सुई पुढे ढकलून धार बंद करावी म्हटलं तर ते जीवावर बेतेल. डोंगरभर लांब नळातलं धावतं पाणी एकदम अडलं तर त्याचा धक्का उलटा नळावर बसतो आणि नळ फुटू शकतो. इंजिनियर त्याला वॉटर हॅमर म्हणतात. म्हणून धारेच्या वाटेत एक पोलादी पाळ ठेवलेली असते. तिला डिफ्लेक्टर म्हणतात. ती झटकन आडवी येते, धारेला चक्रावरून बाजूला वळवते, आणि सुई मग सावकाश, नळाला न दुखवता, बंद होते. पाण्याला थांबवायचं नाही, आधी वळवायचं. ही युक्ती पहिल्यांदा कळते तेव्हा फार आवडते.

बंद मशीन चालू करायलाही रीत आहे. आधी तेल आणि यंत्र थंड ठेवणारं पाणी. मग मोठ्या वॉल्व्हच्या बगलेतला छोटा वॉल्व्ह उघडून दोन्ही बाजूंचा दाब सारखा करायचा, नाहीतर मोठा वॉल्व्ह हलणार नाही. मग सुई जराशी मागे. चक्र फिरायला लागतं, वेग येतो, जनरेटरला उत्तेजक प्रवाह दिला की व्होल्टेज उभं राहतं. आता हे मशीन बाहेरच्या जाळ्याशी जोडायचं. त्यासाठी पॅनेलवर एक घड्याळासारखी तबकडी असते, सिंक्रोस्कोप. मशीन आणि जाळं एका लयीत नसतील तर तिचा काटा गरगरतो. वेग बारीकसारीक कमीजास्त करत काटा मंद करायचा आणि तो बाराच्या ठोक्याला येतोय असं पाहून ब्रेकर टाकायचा. ‘मशीन सिंक झालं’ म्हणजे हे. लवकर टाकला किंवा उशिरा टाकला तर अख्खं मशीन हादरतं. हल्ली हे सगळं संगणक करतो. जुन्या शिफ्टमधली माणसं हातांनी करायची, आणि कोणाच्या हाताला मशीन किती हळू लागायचं यावरून त्याची आब ठरायची.

हिशेबही पाहू. घराच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असते. तेवढं पाणी घाटावरून खोपोलीला उतरवलं तर त्यातून सव्वा युनिटाच्या आसपास वीज निघते, म्हणजे एक पंखा सोळा-सतरा तास. आज खोपोलीत २४ मेगावॉटचे तीन संच आहेत, एकूण ७२ मेगावॉट. १९१५ची यंत्रं केव्हाच बदलली गेली. हे तिन्ही संच पूर्ण क्षमतेने एक तास चालले तर साधारण सहा कोटी लिटर पाणी नळातून उतरतं आणि त्यातला थेंब न् थेंब खाली पाताळगंगेत जातो. वीजनिर्मितीत पाणी खर्च होत नाही. फक्त त्याची उंची खर्च होते.

मुंबईकडचा भाग थोडक्यात उरकतो, कारण त्यावर इतरत्र पुष्कळ लिहिलं गेलंय. गिरण्यांनी सुरुवातीला कां कूं केलं. विकत घेतलेलं इंजिन टाकून देणं कोणाला परवडतं? पण पहिल्या काही गिरण्यांचा अनुभव बरा निघाल्यावर बाकीच्या मागे आल्या, आणि खोपोलीची वीज अपुरी पडू लागली. मग १९२२ साली भिवपुरीचं केंद्र सुरू झालं, त्यासाठी आंध्रा नदीवर ठोकळवाडीला धरण झालं. १९२७ साली मुळशीच्या पाण्यावरचं भिरा. १९२५च्या फेब्रुवारीत बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि १९३०पर्यंत पुण्याचा घाटही विजेवर आला. त्या वर्षीच्या जूनमध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली. ही तीन केंद्रं चालवणाऱ्या तिन्ही कंपन्या पुढे २००० साली टाटा पॉवर या एकाच नावाखाली आल्या.

मुळशीला मात्र असं उरकून चालणार नाही. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह केला. त्याचं नेतृत्व पुढे पांडुरंग महादेव बापट यांच्याकडे आलं, आणि ‘सेनापती’ ही उपाधी त्यांना या लढ्यानेच दिली. जान किंवा जमीन, ही त्या लढ्याची घोषणा. सरकारच्या हातात १८९४चा भूसंपादन कायदा होता. एका खासगी कंपनीसाठी तो वापरला गेला आणि भातखाचरं पाण्याखाली गेली. १९२४च्या सुमाराला लढा मोडला. धरण झालं.

मुळशी खोपोलीच्या वीजघराशी थेट जोडलेली नाही, हे खरं. तिचं पाणी भिऱ्याला जातं. तरीही मी तिला इथे आणलंय, कारण खोपोलीचं यश हेच मुळशीचं कारण होतं. लोणावळ्याचा प्रयोग फसला असता तर मुळा नदीकडे कोणाचं लक्ष गेलं नसतं. आणि लोणावळ्याला लढा झाला नाही म्हणून तिथे कोणाचं काही गेलं नाही, असंही नाही. जमीन तिथेही बुडाली. तिथे बोलणारं कोणी पुढे आलं नाही, आणि १९११ साली अशा गोष्टींविरुद्ध सत्याग्रह करता येतो हेच अजून कोणाला माहीत नव्हतं. गांधीजी तेव्हा दक्षिण आफ्रिकेत होते. टाटांच्या दूरदृष्टीचं कौतुक करणारी पुस्तकं मुळशीचा उल्लेख एका ओळीत करतात, आणि मुळशीवर लिहिणारे वीजघरात पाऊल टाकत नाहीत. दोन्ही वाचल्यावर मला वाटतं, वीजघर उत्तम बांधलं गेलं आणि ज्यांच्या जमिनीवर ते उभं राहिलं त्यांच्याशी व्यवहार वाईट झाला. या दोन वाक्यांमध्ये ‘पण’ घालायची गरज मला वाटत नाही.

आता खाली, सोडलेल्या पाण्याकडे.

पाताळगंगा ही कोकणातल्या इतर नद्यांसारखीच. पावसात दोन्ही थड्या भरून, मार्गशीर्षानंतर डबक्याडबक्यांची. १९१५नंतर तिला उन्हाळ्यातही पाणी राहू लागलं. जिथे बाराही महिने गोडं पाणी, रेल्वेचा फाटा आणि मुंबई-पुणे रस्ता एकत्र आले तिथे कारखाने येणारच. साठच्या दशकात खोपोलीत महिंद्र युजिनचा पोलाद कारखाना आला, पाइपांचे कारखाने आले. खाली नदीकाठी हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स आली आणि तिच्याभोवतीच्या वसाहतीला रसायनी हे नावच पडलं. आणखी खाली पाताळगंगेची औद्योगिक वसाहत, जिथे १९८२ साली रिलायन्सने पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना काढला. त्या धाग्याने मुंबईच्या सुती गिरण्यांचं पुढे काय झालं हा वेगळा विषय, पण ज्या गिरण्यांसाठी हे पाणी खाली आणलं त्यांच्या वाट्याचा बाजार त्याच पाण्यावर उभ्या राहिलेल्या धाग्याने खाल्ला, एवढी नोंद करायला हरकत नाही. गावात नदीकाठी गगनगिरी महाराजांचा मठ आहे. तिथे येणारा भाविक ज्या पाण्यात पाय धुतो त्यातलं पुष्कळसं इंद्रायणीच्या वाट्याचं, हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

हीच कथा शेजारच्या खोऱ्यांत. भिवपुरीचं पाणी उल्हास नदीत पडतं आणि बदलापूर-कल्याणकडची शहरं त्यावर तहान भागवतात. भिऱ्याचं पाणी कुंडलिकेत. कोलाडला सकाळी राफ्टिंगला जाणारे तरुण ज्या लाटांवर आरडाओरडा करतात त्या लाटा वीजघराने सोडलेल्या असतात. म्हणून राफ्टिंगची वेळ नदी ठरवत नाही, निर्मितीचं वेळापत्रक ठरवतं.

घाटावरच्या लोकांना हे सगळं दिसत नाही असं नाही. पाण्याच्या वाटणीचा वाद कृष्णा पाणीतंटा लवादापुढे गेला तेव्हा टाटांच्या प्रकल्पांसाठी पश्चिमेला किती पाणी वळवायचं याला न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादाने हद्द घातली. कुठल्याही एका वर्षात ५४.५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), आणि लागोपाठच्या पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी, याहून जास्त नाही. कोयनेला याच निवाड्यात वर्षाला ६७.५ टीएमसी पश्चिमेला नेण्याची मुभा मिळाली. दुष्काळ पडला की सोलापुरातून, पुण्यातून मागणी होते की समुद्राला जाणारं हे पाणी भीमेत सोडा. मागणी रास्त आहे. पण ते पाणी आता नुसतं समुद्राला जात नाही. वाटेत त्याच्यावर कारखाने, नळपाणी योजना आणि शहरं बसलेली आहेत. वीज दुसरीकडून आणता येईल, सूर्यापासून, वाऱ्यापासून. वीजघर उद्या बंद केलं तरी मुंबई अंधारात बसणार नाही. नळ कोरडे पडतील ते घाटाखालचे. १९१५ साली हा प्रश्न नव्हता. तो गेल्या शंभर वर्षांत, कोणी ठरवून नव्हे, असाच तयार झाला.

वीजघराचं आजचं काम पहिल्या दिवसांसारखं राहिलेलं नाही. मुंबईच्या मागणीपुढे खोपोलीचे ७२, भिवपुरीचे ७५ आणि भिऱ्याचे ३०० मेगावॉट हा लहान हिस्सा. पण कोळशाचं केंद्र थंड पडलं की तापायला तास न् तास लागतात, आणि पाण्याचं मशीन काही मिनिटांत लोड उचलतं. संध्याकाळची मागणी एकदम चढते तेव्हा, किंवा मोठा बिघाड होतो तेव्हा, हे जुनं वीजघर कामाला येतं. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. ती परत आणताना ट्रॉम्बेच्या संचांबरोबर या डोंगरातली जलविद्युत मशीनंही धावली.

आता वाऱ्याची आणि उन्हाची वीज वाढतेय, आणि ती साठवायची कुठे हा नवा प्रश्न आहे. दुपारी वीज उरली की पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं, असं एक उत्तर. भिऱ्याला १५० मेगावॉटचा असा एक संच १९९०च्या दशकापासून आहे. ऑगस्ट २०२३मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात शिरोत्याला १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॉटच्या अशा प्रकल्पांचा करार झाला. शिरोत्याचं तळं, जे कापडगिरण्यांसाठी बांधलं गेलं, ते आता सौरऊर्जेचं कोठार व्हायचंय. त्यात एकच पाणी वरखाली खेळत राहतं. मग पाताळगंगेत रोज किती पाणी यायचं, कोणत्या वेळी यायचं, याचा करार कोणाशी, हे खोपोलीकरांनी आताच विचारून ठेवलेलं बरं. कारण पहिल्या वेळी विचारायला कोणी नव्हतं. हे पुस्तक त्या करारापाशी थांबतं. पुढचा इतिहास अजून घडतोय आणि तो लिहायला दुसरं कोणीतरी असेल.

शेवटी वाचकाला एक व्यवहाराची सूचना. पॉवर हाऊसच्या आत परवानगीशिवाय जाता येत नाही, तेव्हा पुस्तक वाचून फाटकावर हुज्जत घालू नये. पावसाळ्यात वळवण आणि लोणावळ्याची धरणं भरली की इंद्रायणीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. अशा दिवशी धरणं पाहायला जाऊच नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये जावं. नळ घाटातून दिसतात, आणि खाली पाताळगंगेच्या पुलावर दुपारी उभं राहिलं की मशीन चालू आहे की बंद, ते पाण्याच्या पातळीवरून बाहेरूनच ओळखता येतं.